विकणारा खरा मालकच नव्हता, तर माझं काय? पुण्यात पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांसाठी

"अहो, पण मी तर पैसे मोजून घेतलंय. माझी काय चूक?" शिवाजीनगर कोर्टाबाहेर चहा पिताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्याचा चेहरा बघूनच ते येणार हे कळतं. वीस-एक वर्षं मी वकिलांसाठी सर्च करतो. म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसून जुन्या दस्तांच्या नोंदी चाळायच्या आणि कोणती जागा कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी जुळवायची. मी वकील नाही. खालचं लिखाण नवख्या माणसाला वाट दाखवण्यापुरतं आहे. सही करण्याआधी वकील गाठायचाच.

चूक नसली तरी नुकसान होतं, हे आधी पचवायला लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच तुमच्याकडे येतो. त्याच्याकडे शून्य असेल, तर मुद्रांक शुल्क भरलेलं, नोंदवलेलं, छान बांधून घेतलेलं खरेदीखतसुद्धा शून्यच. मूळ नियम हा. पण त्याला काही अपवाद आहेत आणि प्रामाणिक खरेदीदाराला जे काही संरक्षण मिळतं ते त्या अपवादांतूनच. ते संरक्षण तुम्ही खरेदीच्या आधी काय काय केलंत त्यावर ठरतं. वाद उभा राहिल्यावर ते नव्याने मिळवता येत नाही. म्हणून हा लेख खरेदीच्या आधीच वाचायचा आहे.

कलम ४१ काय म्हणतं

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यातलं ४१वं कलम 'दर्शनी मालका'बद्दल आहे. (पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं 'कलम' म्हटलं, तर ते याच अधिनियमाचं.) कल्पना अशी: खऱ्या मालकाने स्वतःच्या संमतीने, उघड किंवा मूक, दुसऱ्याच कुणाला जगासमोर मालक म्हणून उभं राहू दिलं. त्या माणसाने जागा मोबदला घेऊन विकली. घेणाऱ्याने वाजवी काळजी घेऊन चौकशी केली आणि प्रामाणिकपणे व्यवहार केला. तर 'त्याला विकायचा अधिकारच नव्हता' असं म्हणत खऱ्या मालकाला तो व्यवहार मोडता येत नाही.

हे तत्त्व कायद्यात येण्याच्या दहा वर्षं आधी, १८७२ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील कोर्ट) रामकुमार कुंडू विरुद्ध मॅक्वीन या दाव्यात मांडलं होतं. एका गृहस्थाने स्वतःच्या पैशाने जागा घेतली, पण नाव लावलं एका बाईचं. बाईने ती विकली. पुढे गृहस्थाकडून हक्क सांगणारी व्यक्ती कोर्टात आली. कोर्टाने खरेदीदाराला राखलं. दुसऱ्याचं नाव तुम्हीच पुढे केलंत, त्यावर विसंबून कुणी पैसे मोजले, आता त्याचा भुर्दंड त्याच्यावर कसा टाकणार, असा तो युक्तिवाद.

म्हणजे कोर्ट मुख्यतः एवढंच बघतं, की या फसवणुकीला दार कोणी उघडं ठेवलं? खऱ्या मालकाने, की तुम्ही? मालकाने ठेवलं असेल तर तुम्ही वाचता. त्याला पत्ताच नसताना कुणी त्याच्या नावाने तोतया उभा केला, तर नाही वाचत. आणि दार तुम्हीच उघडं ठेवलं असेल, म्हणजे विचारायला हवं होतं तिथे विचारलं नसेल, तर तुमचा प्रामाणिकपणा कामाला येत नाही.

यातली गंमत बघा. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ सांगतो की काम प्रामाणिकपणे केलं तर ते सद्भावनेने केलं असं धरायचं, हलगर्जीपणा झाला असला तरी. कलम ४१ मात्र तेवढ्यावर थांबत नाही. सद्भावना हवीच, शिवाय वाजवी काळजीही हवी. भोळा माणूस पहिल्या चाळणीतून सुटतो, दुसरीत अडकतो. आणि काळजी घेतली हे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावर असतं. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: समोरचा कोण म्हणून विकतोय

मालक म्हणून, वारस म्हणून, सहमालक म्हणून, की कुणाचा कुलमुखत्यार (पॉवर ऑफ ॲटर्नी घेतलेला) म्हणून? हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. लाजायचं कारण नाही. चांगला विकणारा रागावत नाही, उलट कागद काढून ठेवतो.

कुलमुखत्यारपत्रावर विकणारा असेल तर तीन गोष्टी बघायच्या. पत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का. ते नोंदवलेलं आहे का. आणि लिहून देणारा आज हयात आहे का. लिहून देणारा गेला की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं. करार अधिनियमाचं कलम २०८ थोडा आधार देतं: अधिकार संपल्याचं तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपलेला धरत नाहीत. पण त्यावर भिस्त ठेवून लाखो रुपये देणं मला कधी पटलं नाही. सरळ लिहून देणाऱ्याला व्हिडिओ कॉल करा, तारीख-वेळ लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम.

आणि 'कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती आणि साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार) घ्या, खरेदीखताचा खर्च वाचवा' असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या. सुरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केलंय, की अशा कागदांनी मालकी जात नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

दुसरी पायरी: कागद, आणि त्यांच्यातली छोटी अक्षरं

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'सातबाऱ्यावर नाव आहे की हो.' सातबारा हा महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ एवढंच म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरावी. नोंदीने मालकी तयार होत नाही आणि नोंद नाही म्हणून ती जातही नाही. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावरचं नाव तर याहून हलकं.

तरी सातबारा वाचायचाच, पण नावाच्या आधीची अक्षरं बघत. नावाआधी 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून तिथे आहे, एकटा मालक म्हणून नाही. अशा माणसाचं नाव लागलं म्हणजे बाकीच्या हिस्सेदारांनी त्याला मालक म्हणून उभं केलं, असं कोर्ट सहसा मानत नाही. 'अ.पा.क.' दिसलं तर सावध व्हा: अज्ञान पालनकर्ता, म्हणजे जमीन अज्ञानाची, सज्ञान न झालेल्या मुलाची, आहे. हिंदू अज्ञानाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ८). विकलीच, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करायला कोर्टात जाऊ शकतं. इथे कलम ४१ हात देत नाही, कारण अज्ञानाची संमती ही संमतीच नाही. पाच वर्षांच्या मुलाने तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं, असं कसं म्हणणार?

मग 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळ, नवीन शर्त, 'कुळ कायदा कलम ४३ ला अधीन', देवस्थान इनाम, भोगवटादार वर्ग २: यातलं काहीही दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल का, आणि मुळात विकता तरी येते का, हे वकिलाला विचारल्याशिवाय विसार द्यायचा नाही. कायद्यानेच विक्रीवर बंदी असेल तर तुमची सद्भावना कोण मोजणार? पुण्यात आणखी एक गोष्ट आहे. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या सोसायट्यांमधल्या भूखंडांना सरकारी अटी असतात. त्या भागात घर बघत असाल तर मूळ वाटपाचा आदेश मागा.

सातबाऱ्यामागे फेरफार, म्हणजे नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, असतात आणि खरी कथा तिथे लिहिलेली असते. प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढा. वारसनोंदीचा फेरफार तर दोनदा वाचा. आजोबा वारले, चार मुलं आणि तीन मुली. नोंद मात्र चार मुलांचीच. तीन आत्या कुठे गेल्या? त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर ते नोंदणीकृत हवं. 'आमच्यात मुली हिस्सा मागत नाहीत' हे वाक्य मी हवेली, मुळशी, खेड अशा तिन्ही तालुक्यांत ऐकलंय आणि तिन्हीकडच्या आत्या नंतर कोर्टात भेटल्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीचा सहदायिक (वडिलोपार्जित मिळकतीतला) हक्क जन्मापासूनचा आहे याबद्दल शंका राहिलेली नाही. गंमत म्हणजे आत्या बहुतेक वेळा भांडखोर नसतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

शहरात, पेठांमध्ये, सातबाऱ्याऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. वाड्यांच्या बाबतीत ती जुनी आणि वारसांनी गच्च भरलेली असते. काही जुने कागद मोडीत असतात. तेव्हा मोडी वाचणारा गाठायचा, अंदाज करायचा नाही.

फ्लॅटचं तुलनेने सोपं. बिल्डरशी झालेला पहिला करार, त्यानंतरचे सगळे करार, सोसायटीचं भागपत्र, सोसायटीचा नाहरकत दाखला आणि बँकेकडे मूळ कागद असतील तर तसं पत्र. साखळीतला एकही करार 'हरवलाय' असं म्हणाले, तर पोलिसांकडची तक्रार आणि निबंधकांकडून काढलेली नक्कल, दोन्ही मागा. मूळ कागद खरंच हरवलाय की कुठल्या बँकेच्या तिजोरीत पडलाय, हे तपासायला सरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे. बँकांना आपली गहाणं तिथे नोंदवावी लागतात, आणि थोडं शुल्क भरून कुणालाही तिथे शोध घेता येतो.

सर्च म्हणजे नेमकं काय

सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, सगळ्यांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक टाकून तो मोफत शोधता येतो. जुनी वर्षं मात्र कार्यालयात जाऊन बघावी लागतात. शोध साधारण तीस वर्षांचा घ्यायचा. तीसच का? गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षं असते, हे त्यामागचं एक कारण.

नवखे लोक इथे एक चूक करतात. सध्याच्या क्रमांकानेच शोधतात. पुण्याभोवतीच्या गावांत सर्व्हे नंबरचे गट झाले, गटांचे हिस्से पडले, काही गावं महापालिकेत आली. जुना क्रमांक माहीत नसेल तर अर्धी साखळी दिसतच नाही आणि सर्च 'स्वच्छ' येतो. क्रमांक कसा बदलत गेला त्याची नोंद आधी काढा. हवेली तालुक्यात दुय्यम निबंधकांची कार्यालयंही बरीच आहेत, दस्त त्यातल्या कोणत्याही कार्यालयात झालेला असू शकतो.

हे सगळं का करायचं? कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार, जो दस्त नोंदणीकृत आहे आणि नोंदवणं सक्तीचं होतं, त्याची माहिती तुम्हाला होती असंच कायदा धरतो. तुम्ही बघितला असो वा नसो. कुणी आधीच नोंदणीकृत साठेखत करून ठेवलं असेल, तर 'मला माहीत नव्हतं' हे म्हणणं टिकवणं अवघड जातं. साठेखत नोंदवलेलंच नसेल आणि तुम्हाला खरंच कुठून कळलं नसेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम १९(ब) तुमच्या बाजूने उभं राहतं: मोबदला देऊन, सद्भावनेने, माहिती नसताना घेणाऱ्यावर तो आधीचा करार लादता येत नाही.

आणखी एक. नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकी तपासली, असं समजू नका. विकणाऱ्याकडे हक्क आहे का हे बघणं दुय्यम निबंधकाचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी यांच्या तमिळनाडूतल्या प्रकरणात पुन्हा सांगितलंय. तिथे फोटो काढतात, अंगठा घेतात, शुल्क घेतात. बाकी तुमचं तुम्ही.

तिसरी पायरी: जागेवर जा, आणि एकटेच जा

कागदांपेक्षा मला ही पायरी मोठी वाटते, आणि नेमकी हीच लोक उडवतात. त्याच अधिनियमाच्या कलम ३ चं दुसरं स्पष्टीकरण सांगतं, की जागेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा जो काही हक्क असेल, त्याची तुम्हाला सूचना होती असं धरलं जाईल. म्हणजे मागच्या खोलीत कुणी राहत असेल आणि तुम्ही त्याला विचारलं नसेल, तर कायदा म्हणतो: तुम्हाला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याच्या बाजूचा एक बैठा बंगला एका नवऱ्या-बायकोने बघितला. मराठवाड्यातून आलेले, दोघं नोकरी करणारे. विकणाऱ्याचं नाव सगळ्या कागदांवर, सर्च स्वच्छ, सर्च मीच केलेला. बाई मात्र एका संध्याकाळी एकट्याच तिथे गेल्या. अंगणात एक म्हातारी तुळशीला पाणी घालत होती. "तुम्ही कोण आजी?" "मी मालकीण, बाळ." विकणारा तिचा धाकटा मुलगा. जागा घेताना पैसे थोरल्याने परदेशातून पाठवलेले, नाव धाकट्याचं लावलेलं, कारण तो इथे होता. आजीचं 'मालकीण' हे तिचं तिच्यापुरतं होतं. पण त्या एका वाक्यावरून थोरल्याचा पत्ता लागला. त्याला पत्र गेलं, त्याने लेखी संमती पाठवली, आणि मग खरेदीखत झालं. तुळशीपाशी ती चौकशी झाली नसती आणि पुढे थोरला कोर्टात गेला असता, तर नाव त्यानेच लावू दिलं म्हणून कलम ४१ कदाचित कामाला आलं असतं. कदाचित. कोर्टात ते 'कदाचित' उलगडायला वर्षं जातात.

मग जागेवर काय करायचं? विकणाऱ्याला न सांगता जा. एकदा सुट्टीच्या दिवशी, एकदा कामाच्या. शेजारी, किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन यांच्याशी बोला. भाडेकरू असेल तर भाडं कोणाला देतो ते विचारा. भाड्याची पावती कधीकधी सातबाऱ्यापेक्षा खरं बोलते. गावाकडची जमीन असेल तर शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला विचारा, की ही कोण कसतं. आणि घरी आल्यावर कोणाशी काय बोलणं झालं ते तारखेसह वहीत लिहा. ही वही पुढे तुमची साक्षीदार आहे.

चौथी पायरी: कोर्टातले दावे आणि जाहीर नोटीस

चालू दाव्यातली जागा घेतली तर कलम ५२ लागू होतं. दाव्याचा निकाल जो लागेल तो तुम्हालाही बांधतो. सद्भावनेचा मुद्दा तिथे चालत नाही. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने, त्याच्या वडिलांच्या आणि भावांच्याही नावाने शोधा. नावांची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करून बघा. दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवण्याचीही पद्धत आपल्याकडे आहे, तीही सर्चमध्ये बघायला सांगा. महसूल कार्यालयात प्रांताकडे अपील चालू असेल तर ते ई-कोर्ट्सवर दिसत नाही, हे विसरू नका.

जाहीर नोटीस वकील देतो. 'आमचे अशील खालील मिळकत खरेदी करू इच्छितात, कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास…' ही परिचित भाषा. मुदत रूढीने सात, चौदा किंवा पंधरा दिवसांची. हिला ताईत समजू नका. हरकत आली नाही म्हणून कुणाचा हक्क मरत नाही. पण 'वाजवी काळजी घेतली' हे दाखवायला इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. मात्र ती अशा वर्तमानपत्रात द्या जे त्या भागात वाचलं जातं. वाघोलीच्या जमिनीची नोटीस कुणीही न वाचणाऱ्या अंकात कोपऱ्यात छापली, तर उलट तपासणीत त्याचीच मजा होते.

पाचवी पायरी: पैसे

मोबदला खरा, पूर्ण आणि दाखवता येण्याजोगा हवा. बँकेतून. स्थावर मिळकतीच्या विसारापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाही चालत नाही. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ते चलनसुद्धा तुमच्या बाजूचा पुरावाच.

बाजारभावापेक्षा जागा फारच स्वस्त मिळत असेल तर खूश होण्याआधी थांबा. चाळीस लाखांची जागा पंचवीसला का देतोय, हा प्रश्न कोर्ट तुम्हाला विचारेल. त्याआधी तुम्ही त्याला विचारा.

खरेदीखतात विकणाऱ्याच्या मालकीची हमी, आणि टायटलमध्ये दोष निघाल्यास भरपाईचं कलम घालून घ्या. लिहिलं नाही तरी कलम ५५(२) नुसार विकणाऱ्याने 'मला विकण्याचा अधिकार आहे' अशी हमी दिली असं कायदा धरतोच. लिहिलेलं असलं की भांडण सोपं होतं. कुटुंबातल्या इतरांना 'मान्यता देणार' म्हणून सही करायला लावणं तर सगळ्यात उत्तम. आत्यांसकट.

सहीनंतर दस्त लगेच नोंदवा. चार महिन्यांची मुदत असते म्हणून चार महिने घालवू नका. मग फेरफार धरायला लावा आणि 'आपली चावडी'वर नोटीस लागली का बघत राहा. तुमचं नाव लागलं की ताब्यात राहा: कुंपण, पाटी, वीजमीटर.

एवढं करूनही खरा मालक उभा राहिला तर

घाबरून दोन गोष्टी करू नका. समोरच्याच्या कागदावर सही, आणि जागा पटकन तिसऱ्याला विकणं. दोष कळल्यावर लपवून विकलीत, तर आजवर तुम्ही फसलेले होतात, उद्या फसवणारे ठराल.

मग वकिलाबरोबर बसून ठरवायचं, की आपण कोणत्या खोलीत आहोत. खऱ्या मालकाने विकणाऱ्याला पुढे केलं होतं? कलम ४१. विकणाऱ्याकडे तेव्हा हक्क नव्हता पण नंतर आला? मग कलम ४३ आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. समजा मुलाने वडिलांचा प्लॉट स्वतःचा म्हणून विकला, तुम्ही ते खरं मानून घेतला, आणि दोन वर्षांनी वडील वारले. वारसाने प्लॉट मुलाकडे आला, की तुम्ही म्हणू शकता: आता दे. तो 'तेव्हा माझा नव्हता' असं म्हणून सुटू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या जुम्मा मशीद, मर्कारा प्रकरणात हे नीट समजावलंय. मुख्य अट: तो मालक नाही हे तुम्हाला माहीत असता कामा नये. माहीत असून 'उद्या मिळेलच' म्हणून घेतलं असेल तर नाही. आणि इतर भावंडं असतील तर अर्थातच फक्त त्याच्या वाट्यापुरतं.

तोतयाने सह्या केल्या असतील, कागद बनावट असतील, तर जागा बहुधा जाते, ते मान्य करून लढाई पैशांकडे वळवायची. विकणाऱ्याविरुद्ध किंमत आणि नुकसानभरपाईचा दावा, आणि पोलिसांत तक्रार: भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८, तोतयेगिरी ३१९, मौल्यवान दस्ताची बनावट ३३८. रक्कम मोठी असेल तर पुणे शहर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा असते. तुम्ही जागा स्वतःची समजून प्रामाणिकपणे त्यावर बांधकाम केलं असेल, तर कलम ५१ आठवा: बाहेर काढणाऱ्या मालकाने एकतर त्या सुधारणेची किंमत द्यावी, नाहीतर सुधारणा वगळून होणाऱ्या बाजारभावाने आपला हक्क तुम्हालाच विकावा. पर्याय त्याचा, पण फुकट काही त्याला मिळत नाही. वाद सुरू झाल्यावर घाईने उभ्या केलेल्या भिंतीला हे लागू नाही.

जाता जाता: जुनी दुचाकी

पुण्यात नवीन आलेला माणूस घराच्या आधी गाडी घेतो, म्हणून एवढं. जंगम वस्तूंना मालविक्री अधिनियम, १९३० लागतो आणि तिथेही मूळ नियम तोच (कलम २७): चोराकडून घेतलेली वस्तू तुमची होत नाही, कितीही भाव दिलेला असो. जुन्या बाजारात घेतली तरी नाही. फरक एक आहे. एखाद्याने मूळ मालकाला फसवून, म्हणजे न वटणारा चेक वगैरे देऊन, वस्तू खरेदी केली असेल आणि मालकाने तो करार रद्द करण्याआधी तुम्ही ती प्रामाणिकपणे घेतली असेल, तर कलम २९ खाली ती तुमची होते. चोरलेली आणि फसवून घेतलेली, यांत कायदा असा भेद करतो. ज्याने स्वतःच्या हाताने किल्ली दिली, त्याने थोडा धोका पत्करलाच. पुन्हा तेच, दार कोणी उघडं ठेवलं.

म्हणून गाडी घेताना आरसीवरचा चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघा, परिवहनच्या ॲपवर कर्जाची नोंद आहे का बघा, आणि फॉर्म २९-३० वर सही आरसीतल्या माणसाची, तुमच्यासमोर घ्या. गाडी चोरीची निघालीच तर पोलीस जप्त करतील. तुमच्याकडे पावती, चॅट, बँकेची नोंद असेल तर निदान तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार आहात, हे दाखवता येतं.

फाईल

घराची असो की गाडीची, एक फाईल ठेवा. सर्च रिपोर्ट, फेरफारांच्या नकला, जाहीर नोटीसचं कात्रण, संमतिपत्रं, बँकेच्या नोंदी, ती वही, आणि जागेवर काढलेले फोटो. कात्रण नुसतं कापून ठेवू नका, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा. बारा वर्षांनी ते पिवळं पडतं, म्हणून स्कॅन करून ईमेलवरही पाठवून ठेवा. मी बघितलेल्या एका प्रकरणात पान हरवलेलं होतं. अशील दोन दिवस ग्रंथालयात जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात बसला, आणि तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, तेलकट डागाखाली त्याला ती नोटीस सापडली.